सुरी कशी पारखावी?



नाताळनंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून मी व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एक वयस्क काका पंचात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने बापासाठी स्पेनचा एक बिनघडीचा चाकू आणला होता. पाते हातभर नव्हे, वीतभरही नव्हे, जेमतेम चार-साडेचार इंचांचे. मूठ ऑलिव्हच्या लाकडाची. वर कातड्याचे म्यान. काका म्हणाले, "फादर, पोरगा म्हणतो साडेतीन हजाराचा आहे. खरे सांगा, एवढे मोल याच्यात आहे काय? का पोराला कोणी फसविले?"

प्रश्न सरळ होता, पण मी उत्तर लगेच दिले नाही. कारण दिवाळीनंतर, कापूस फुटून शेते पांढरी झालेली असताना, आपल्याच एका घरात अशाच एका चाकूने मोठे नुकसान केले होते. त्या भावाने जत्रेतल्या फिरत्या दुकानातून चारशे रुपयांना चाकू घेतला. पात्यावर ठळक अक्षरांत "टोलेडो, स्पेन" असा छाप, पाठीवर करवतीसारखे दात, मूठ काळ्या प्लास्टिकची. चाकू दिसायला असा की पाहणाऱ्याने विचारावे, कुठून आणला? चौथ्या दिवशी कुंपणासाठी बांबू चिरताना पाते मुठीतून सुटले आणि उलटून त्याच्या उजव्या तळहातात शिरले. दोन बोटांची शीर तुटली. टाके पडले, हात गळ्यात बांधला गेला आणि ऐन वेचणीचा हंगाम त्याने बांधावर बसून पाहिला. किलोमागे मजुरी देऊन परक्या हातांनी कापूस वेचून घ्यावा लागला. चारशेचा चाकू त्याला किती हजारांना पडला, हे त्याच्या घरच्या माणसांना विचारावे.

मी ती मूठ फोडून पाहिली. आत पात्याची शेपटी अंगठ्याच्या पेराएवढी होती, पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि नुसत्या डिंकासारख्या रसायनाने चिकटवलेली. एकही खिळा नाही. दोन्ही चाकूंवर स्पेनचे नाव, पण एक खरा आणि एक खोटा. नावावरून ते कळले नसते. कशावरून कळते तेच या महिन्याच्या पानात लिहीत आहे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले, पोलाद शिकविले नाही. जे थोडेफार कळते ते उटनूरच्या आसपासच्या लोहारांच्या भात्याजवळ बसून आणि पुस्तके चाळून मिळविलेले आहे.

आधी स्पेनविषयी थोडे. या देशाला हत्यारांची जुनी कीर्ती आहे. ताहो नदीच्या काठचे टोलेडो शहर तलवारींसाठी रोमन काळापासून प्रसिद्ध आहे. आपल्या संत इग्नेशियसांनी १५२२ साली सैनिकी आयुष्य सोडून मोंतसेरातच्या मारियामातेपुढे आपली तलवार ठेविली, ती अशाच देशातील तलवार. टोलेडोच्या नावाचा आज मोठा व्यापार आहे. प्रवाशांना भिंतीवर टांगण्यासाठी तेथे शोभेच्या तलवारी विकल्या जातात आणि त्या नावाचा छाप जगात कोठेही, कोणत्याही पत्र्यावर मारता येतो. खऱ्या कामाच्या चाकूंचे गाव मात्र वेगळे आहे. त्याचे नाव अल्बासेते. तेथे शेकडो वर्षांपासून चाकू करणारी घराणी आहेत, आणि गावात चाकूंचे एक संग्रहालयही आहे. मेंढपाळ, शिकारी व शेतकरी वापरतात ते साधे, बिनघडीचे चाकू तेथे तीस-चाळीस युरोंत मिळतात. म्हणजे आपल्या काकांच्या मुलाने सांगितलेली किंमत खोटी नव्हती.

त्या चाकूच्या पात्यावर "मोवा" अशी अक्षरे कोरलेली होती. ते कारखान्याचे नाव नाही. मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम या दोन धातूंच्या नावांची ती आद्ये आहेत. या पोलादात शंभर भागांत सुमारे अर्धा भाग कार्बन, चौदा-पंधरा भाग क्रोमियम आणि हे दोन धातू अगदी थोडे असतात. कार्बनामुळे पोलाद कडक होते, क्रोमियममुळे सहसा गंजत नाही. जर्मनीतील कित्येक स्वयंपाकाच्या सुऱ्या याच जातीच्या पोलादाच्या असतात. अर्थात हे काही दुर्मिळ रत्न नव्हे. मध्यम कडकपणाचे, प्रामाणिक पोलाद आहे. त्याची धार फार दिवस टिकत नाही, पण दगडावर दहा मिनिटांत परत येते आणि पाते सहसा मोडत नाही. याहून स्वस्त स्पॅनिश चाकूंत ४२० या क्रमांकाचे पोलाद वापरतात. त्यात कार्बन आणखी कमी असतो. गंज कमी, पण धारही लवकर बसते. मासे साफ करायला ते चालेल, तुरीच्या काड्या तोडायला नाही.

आता पारख. दुकानात पहिली नजर सगळ्यांची पात्यावर जाते. माझी विनंती आहे की आधी मूठ पाहावी. मुठीत शिरणारा पात्याचा भाग, ज्याला आपण शेपटी म्हणू, तो मुठीच्या टोकापर्यंत गेला असेल आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या बसवून आरपार खिळे मारलेले असतील, तर मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी डोळ्यांना दिसते. काकांच्या चाकूला ती दिसत होती, तीन खिळ्यांसह. असा चाकू मुठीतून सुटणे जवळजवळ अशक्य. शेपटी झाकलेली असेल तर ती वाईटच असते असे नाही. आपल्या विळ्याची शेपटीही लाकडात झाकलेलीच असते. पण ती लांब हवी, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर काढून वळवलेली किंवा ठोकलेली असली तर उत्तम. दिसत नसेल तर पाते फडक्यात धरून मूठ किंचित हलवून पाहा आणि चाकू कानाजवळ झटका. आत काही खडखडले, किंवा मूठ केसभर जरी हलली, तरी तो चाकू खाली ठेवून पुढे चालू लागा. पोकळ मुठीत होकायंत्र, सुई-दोरा, काड्यापेटी असे खेळ भरून देणारे चाकू तर घेऊच नयेत. जेथे पोलाद असायला हवे तेथे त्यांनी खेळणी भरलेली असतात. पाठीवरचे करवतीचे दातही असेच. त्यांनी लाकूड कापले जात नाही. पाठीवर अंगठा दाबता येत नाही एवढेच होते.

दुसरी गोष्ट, पाते सरळ आहे काय ते पाहणे. बंदुकीचा नेम धरतात तसे पाठीवरून टोकाकडे उजेडात पाहावे. मग धार वर करून उजेडाकडे धरावी. बोथट जागा बारीक पांढऱ्या रेघेसारखी चमकते; तीक्ष्ण धार चमकत नाही, दिसतच नाही. आणि पात्याची जाडी. जाड पाते मजबूत, हा आपला समज अर्धाच खरा आहे. पाठ तीन-साडेतीन मिलिमीटर असली तरी घरच्या व शेतातल्या बहुतेक कामांना पुरते. शिकारीच्या स्पॅनिश चाकूंची पाठ चार-पाच मिलिमीटर असते; त्यांनी बांबू फोडता येतो, पण वांगे चिरायला घेतले तर ते चिरत नाही, फाटते. खरा फरक पाठीत नसून धारेच्या लगेच वर पाते किती बारीक केले आहे त्यात असतो. बोटांच्या चिमटीत धारेच्या वरचा भाग हलकेच चाचपून पाहिला की पाचरीसारखा आहे का पानासारखा आहे, ते कळते.

तिसरी पारख पाण्याची. हत्याराला "पाणी" दिलेले आहे असे आपण म्हणतो, ते शब्दशः खरे आहे. पोलाद लाल तापवून एकदम विझविले की ते काचेसारखे कडक होते, पण काचेसारखेच ठिसूळही होते. मग ते पुन्हा हलक्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. ही दोन्ही कामे नीट झाली तरच पाते धार धरते आणि मोडत नाही. कितीही चांगले पोलाद घेतले आणि पाणी चुकले, तर ते पत्र्याच्या मोलाचे. चांगल्या नावापेक्षा चांगले पाणी महत्त्वाचे, असे एका म्हाताऱ्या लोहाराने मला सांगितले होते, आणि पुढे मी जे जे वाचले त्यात त्याचे म्हणणे खोडून काढणारे काही सापडले नाही.

पाणी तपासायला कानस पुरते. मुठीजवळच्या धारेवर, जेथे नेहमी काम पडत नाही, तेथे बारीक कानस अगदी हलक्या हाताने एकदा ओढावी. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली तर पाते मऊ आहे. काचेवरून घसरावी तशी नुसती घसरली तर फार कडक आहे, दगडावर आपटले की टवका उडेल. किंचित धरली आणि किंचित घसरली, तर मधले आहे, आणि आपल्याला मधलेच हवे. काकांच्या चाकूवर कानस अशीच चालली. रॉकवेल नावाचे कडकपणाचे एक मोजमाप आहे. त्यात अशा चाकूंचा आकडा साधारण ५५ ते ५७ येतो आणि कानशीचा ६० च्या बराच वर. म्हणून कानस थोडी धरते. दुकानदार कानस लावू देणार नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या आठवडी बाजारातला लोहार देतो, कारण त्याला आपल्या मालाची खात्री असते. जो देत नाही, त्याच्याविषयी आपणच काय ते समजावे.

चुंबकाची परीक्षा पुष्कळ जण करतात, म्हणून त्याविषयी एक शब्द. घरातल्या स्टीलच्या ताट-वाट्यांना चुंबक सहसा चिकटत नाही. त्या जातीचे स्टील पाणी देऊन कडक होतच नाही, तेव्हा ज्या पात्याला चुंबक चिकटत नाही ते सुरीच्या कामाचे नाही. पण चिकटले म्हणजे चांगले, असे मात्र नाही. कुंपणाच्या तारेलाही चुंबक चिकटते. शाणवाल्याच्या चाकावर ठिणग्या पाहणे त्याहून उपयोगी. कार्बन भरपूर असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. साध्या लोखंडाच्या लांब रेघा निघतात, फुटतात थोड्याच. न गंजणाऱ्या पोलादाच्या ठिणग्या थोड्या आणि मंद असतात. जत्रेतल्या त्या काळ्या मुठीच्या चाकूची मी अशी परीक्षा केली. लांब, निवांत रेघा. त्यावर चकाकी होती ती मुलाम्याची, आत साधे लोखंड. तेव्हा मूठ सुटली नसती तरी त्या चाकूने पाचवा बांबू चिरला नसता.

एवढे सांगून झाल्यावर काकांनी कमरेची आपली जुनी सुरी काढून टेबलावर ठेविली आणि विचारले, "मग ही कशी?" ती खानापूरच्या रस्त्यावरच्या एका लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून बनविलेली. बारा वर्षे वापरातली, झिजून अर्धी झालेली, काळीठिक्कर. मी कानस लावली. ती स्पेनच्या चाकूपेक्षा कमीच धरली. काका हसले.

यात नवल नाही. ट्रकच्या पाट्याच्या पोलादातही शंभर भागांत अर्धा-पाऊण भाग कार्बन असतो, म्हणजे स्पेनच्या चाकूएवढा किंवा त्याहून थोडा अधिकच. फरक एवढा की त्यात क्रोमियम फारसे नसते, म्हणून ते गंजते. आपल्या या मुलखाला पोलादाची ओळख कोणी बाहेरून करून द्यावी लागली नाही. निर्मळहून गोदावरी ओलांडली की निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या मुशीत वितळवून उत्तम पोलाद बनवीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉक्टर वॉयझी नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेविले आणि ते १८३२ साली छापले गेले. इराणातील इस्फहानचे व्यापारी ते पोलाद घ्यायला इतक्या लांब येत, असे त्यात लिहिले आहे. दमास्कसच्या ज्या तलवारींची कीर्ती टोलेडोच्या बरोबरीने सांगतात, त्या भारतातून गेलेल्या अशाच पोलादाच्या असत. स्पेनचा छाप पाहून आपण दबून जाऊ नये, म्हणून हे सांगितले.

पण खरे बोलायचे तर आपल्या लोहाराच्या कामातही उणिवा आहेत, आणि त्या आपण गिऱ्हाईक म्हणून चालवून घेतो. स्वस्तात मागितले की तो पाट्याऐवजी इमारतीच्या सळईचा तुकडा ठोकून देतो. त्याला धार येते, पण दुसऱ्या दिवशी राहत नाही. म्हणून सुरी सांगताना पाट्याचीच हवी असे सांगावे आणि जमल्यास पाट्याचा तुकडा आपणच नेऊन द्यावा. गॅरेजवाले तो वजनावर देतात. तुकड्यात आधीची चीर नसावी, कारण तुटलेल्या पाट्यात ती असू शकते. लोहार तापलेले पाते थेट पाण्यात घालतो. पाट्याच्या पोलादाचे बारीक पाते पाण्यात घातले की पुष्कळदा वाकते किंवा त्याला बारीक भेग पडते. त्याला सांगावे, "दादा, तेलात विझवा." जुने गाडीचे तेल किंवा कोणतेही खाण्याचे तेल चालते, फक्त भडका उडतो म्हणून वर गवताचे छप्पर नसावे. पाते किती तापले ते भर उन्हात नीट ओळखता येत नाही; सावलीत पाहावे. तापलेल्या पात्याला चुंबक चिकटेनासे झाले की वेळ जवळ आली, आणखी थोडे तापवून विझवावे. नंतर पाते घासून उजळ करून पुन्हा मंद आचेवर धरले की त्यावर रंग चढू लागतात: आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीची धार पिवळ्यावरून तपकिरीकडे झुकली की थांबावे. निळा झाला तर तो विळ्या-कोयत्याच्या पाठीला ठीक, धारेला नाही.

हीच गोष्ट शाणवाल्याकडे उलट घडते. त्याच्या वेगाने फिरणाऱ्या चाकावर धार तापून निळी पडली की पाणी उतरले. मग त्या जागी कितीही घासा, धार टिकणार नाही. चांगला शाणवाला पाते पुनःपुन्हा पाण्यात बुडवितो. तो तसे करीत नसेल तर त्याला तसे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. स्पेनच्या चाकूला हा धोका अधिक, कारण त्याचे पाणी बिघडले तर आपल्या भात्यावर ते परत देता येत नाही. त्या पोलादाला विझविण्यापूर्वी हजार अंशांच्या पुढे, मोजून तापवावे लागते. पाट्याच्या पोलादाला साडेआठशेच्या आसपास पुरते, आणि तेवढे आपला लोहार डोळ्यांनी ओळखतो.

मोलाचा खरा प्रश्न येथेच येतो, असे मला वाटते. लोहाराची सुरी मी परवाच अडीचशे रुपयांना घेतली. तिची मूठ फुटली तर धावड्याची किंवा बाभळीची नवी बसते, टोक मोडले तर तो नवे काढून देतो, आणि अगदी झिजली तरी तिचे खुरपे होते. स्पेनचा चाकू पावसाळ्यात गंजणार नाही, चिंच-लिंबाने काळा पडणार नाही, मांस कापून धुतला की स्वच्छ. पण तो मोडला तर मोडला. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तेरावा अध्याय आपण वाचला असेल. इस्राएलात लोहार उरला नव्हता, म्हणून नांगराचा फाळ आणि कुऱ्हाड धारेला लावायलाही लोकांना पलिष्ट्यांच्या दारी जावे लागे, आणि ते सांगतील ती किंमत मोजावी लागे. आपल्या आसपासच्या गावांत किती भाते थंड झाले आहेत ते मोजून पाहा. सगळी हत्यारे दुकानातली घ्यायची ठरविली तर उरलेलेही थंड होतील, आणि मग खुरप्याला धार लावायला आदिलाबादची बस धरावी लागेल.

तेव्हा काकांना मी सांगितले ते असे. मुलगा फसलेला नाही. चाकू खरा आहे, नीट बनविलेला आहे आणि त्याच्या गावी तो याच भावाने विकला जातो. पण आपल्या शेताला साडेतीन हजाराचा चाकू लागत नाही. दुसरा मागवू नका. हा स्वयंपाकाला, फळांना, सणाच्या मांसाला वापरा. बांबू, पऱ्हाटी, तुरीच्या काड्या यांना पाट्याची सुरी किंवा कोयता. ज्याच्याकडे आखातातून काही येत नाही त्याने मनात काही आणू नये. पाट्याची एक सुरी आणि बाजारातली न गंजणारी एक साधी भाजीची सुरी, मिळून चारशेच्या आत, एवढ्यात घर चालते.

चाकू कोणताही असो, बोथट ठेवू नये. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात म्हटलेच आहे की लोखंड बोथट झाले आणि धार लावली नाही तर जोर अधिक लावावा लागतो. तेथे न लिहिलेले एवढेच की जोर लावताना चाकू निसटतो, आणि हात कापतो तो बहुधा बोथट चाकूने. निसण्यावर पाणी टाकून, पाठ एवढी उचलावी की खालून करंगळीचे टोक जेमतेम जाईल, आणि तोच कोन शेवटपर्यंत धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक कोर वळलेली बोटाला लागते. ती लागली की बाजू बदलावी, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट ओढून ती काढून टाकावी. पाट्याची सुरी पुसून तिला तेलाचा हात द्यावा. ओल्या कातडी म्यानात ठेवू नये. स्पेनचा चाकूसुद्धा तेथे डागाळतो.

आरोग्याच्या दृष्टीने काही गोष्टी मला फार कळकळीने सांगायच्या आहेत. कापसावरच्या फवारणीच्या औषधाची पुडी किंवा बाटलीचे बूच ज्या चाकूने कापले तो चाकू पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. त्यासाठी एखादी जुनी सुरी वेगळी ठेवून तिच्या मुठीला लाल रंग लावावा. आकस्मिक मेलेल्या गुराचे कातडे सोलू नये. त्यातून माणसाला जीवघेणा आजार होऊ शकतो. साप चावला तर त्या जागी चाकूने चीर देऊन रक्त काढण्याची जुनी रीत सोडून द्यावी. चिरेने विष निघत नाही, जखम मात्र वाढते आणि वेळ जातो. माणसाला न चालविता, पाय किंवा हात न हलविता, तडक उटनूरच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. विषावरची लस तेथेच मिळायची, आणि गरज पडली तर तेथून आदिलाबादच्या रिम्समध्ये पाठवितात.

हात कापला तर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरावा आणि दहा-पंधरा मिनिटे मध्ये उघडून न पाहता दाबून ठेवावे. हळद, चुना, तंबाखू, शेण, माती काहीही भरू नये. रक्त थांबल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे. बोट वाकत नसेल किंवा बोटाला स्पर्श कळत नसेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; आत शीर तुटलेली असू शकते आणि ती लवकर शिवली तरच जुळते. आपल्या त्या भावाने दोन दिवस घरीच पट्टी बांधून काढले, म्हणून आज त्याची करंगळी पुरती मिटत नाही. बोटाचा तुकडा तुटून पडलाच तर तो स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून माणसाबरोबर न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो असे सर्व जण म्हणतात. त्याचे जंतू गंजात नसून मातीत आणि शेणात असतात. म्हणजे शेतकऱ्याचा चाकू चकचकीत असला, स्पेनचा असला, तरी धोका तेवढाच. दर दहा वर्षांनी इंजेक्शन घ्यावे. जखम मळकी व खोल असेल आणि आधीच्या इंजेक्शनाला पाच वर्षे होऊन गेली असतील तर लगेच पुन्हा घ्यावे. सरकारी दवाखान्यात ते मिळते. कधी घेतले ते मिस्साच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले तरी चालेल, सापडते तरी.

एक कायद्याची गोष्ट राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत धरली आहेत. घरकामाची व शेतीची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. विळा-कोयत्याला कोणी हरकत घेत नाही. पण हौसेने घेतलेला मोठा सुरा कमरेला लावून कोणी बाजारात किंवा सभेत फिरू लागला, तर तो शेतीसाठी आहे हे पोलिसांना पटवून देणे कठीण जाईल. आखातातून आणणाऱ्या मुलांनी चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नये, विमानतळावर काढून घेतात. तो सामानात खाली द्यावा.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर खानापूर रस्त्यावरचे तेच लोहारदादा आपल्या आवारात येणार आहेत. भाता आणि ऐरण ते आणतील, निसणा व्हरांड्यात आहेच. ज्यांच्या सुऱ्या, विळे, खुरपी बोथट झाली असतील त्यांनी आणावीत. मुलांच्या हातात न देता स्वतः, फडक्यात गुंडाळून आणावीत. पाट्याचा तुकडा आणणाऱ्यांनी तो आधी पाहून घ्यावा, चीर असलेला आणू नये. मजुरी ज्याची त्याने द्यायची आहे.